'ठेविले अनंते' हे कोणी कोणाला म्हणावे?

दहाव्याच्या दिवशी सकाळी माणसे नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत उभी होती आणि शेजारच्या मांडवात प्रवचन चालू होते. आमच्या भावकीतल्या एका वहिनींचे यजमान पाण्याची पाइपलाइन टाकण्यासाठी चर खोदण्याच्या कामावर होते. माणूस दिसेनासा होईल इतक्या खोल चराची एक बाजू ढासळली आणि ते आत गाडले गेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता, कडेची माती ओली होती, तिला फळ्यांचा टेकू दिलेला नव्हता आणि कामावरच्या दोघांनी सकाळीच तसे बोलूनही दाखवले होते. प्रवचन संपल्यावर श्रद्धांजलीची भाषणे झाली. त्यांत कामाचा ठेकेदारही बोलायला उभा राहिला. त्याचा गळा खरोखरच दाटून आला होता, हे मी जवळून पाहिले आहे. तो म्हणाला, "शेवटी आपल्या हातात काय असतं? ठेविले अनंते तैसेचि राहावे." मांडवातल्या पुष्कळ माना हलल्या. वहिनी खाली पाहत बसल्या होत्या आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा एकच मणी अंगठ्याने चोळत होत्या.

मी माळकरी घरात वाढलो. दुःखात जो नम्र राहतो आणि धीर सोडत नाही त्याला देव सोडवतो, यावर माझा विश्वास आहे. तो मला दुसऱ्या कोणाचे आयुष्य सावरण्यासाठी वापरायचे औषध म्हणून मिळालेला नाही. घरातल्या थोरांनी आपापली दुःखे कशी वाहिली हे पाहत तो अंगी मुरला आहे. म्हणूनच त्या दिवशी मांडवात ऐकलेले ते वाक्य मला सलते. नम्रता आणि धीर या दुःख भोगणाऱ्याने स्वतः होऊन देवापुढे ठेवायच्या गोष्टी आहेत. ज्याला ते दुःख नाही त्याने त्या दुसऱ्याकडून मागायच्या नसतात, आणि ज्याच्या हयगयीतून ते दुःख आले त्याला तर तसे मागण्याचा अधिकारच नाही. हा फरक आपल्या समाजात रोज पुसला जातो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला, सासरी मार खाणाऱ्या मुलीला, निदान होण्याआधीच पैसे संपलेल्या रुग्णाला आपण श्रद्धा आणि सबुरी सांगतो, आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असेही ऐकवतो. टाकी कोणाच्या हातात आहे, हे मात्र विचारत नाही.

ती ओळ तुकोबांची आहे, तेव्हा आधी तो अभंगच नीट वाचला पाहिजे. त्यात चित्ती समाधान असू द्यावे असे म्हटले आहे, उद्वेग वाहिला तर पदरी दुःखच येते असे म्हटले आहे, आणि भोगणे हे संचिताचे फळ आहे असेही म्हटले आहे. हे शेवटचे वाक्य मी लपवणार नाही. त्याकडे पुढे यायचेच आहे. पण अभंगाचा शेवट असा आहे: 'तुका म्हणे घालू तयावरी भार । वाहू हा संसार देवा पायी ॥' घालू आणि वाहू ही बोलणाऱ्याची स्वतःची क्रियापदे आहेत. येथे एक माणूस आपले ओझे उचलून देवाच्या पायांशी नेतो आहे. दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे पाहून 'ते तसेच असू दे' असे सांगणारा आवाज या अभंगात मला कोठेही ऐकू येत नाही. आपण पहिला चरण तोडून घेतला आणि शेवटचा चरण ज्याचा होता त्याच्याकडे ठेवला.

हे बोलण्याचा अधिकार तुकोबांना कशाने मिळाला होता, हे त्यांच्याच शब्दांत उपलब्ध आहे. सन १६३०च्या सुमाराचा दुष्काळ दख्खनच्या स्मृतीत खोल रुतलेला आहे. देहूच्या या महाजनाच्या घरी दुकान होते, सावकारी होती, गावात मान होता. 'दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली' असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. या ओळीत देवाचे नाव नाही आणि सांत्वनही नाही. अन्न हा शब्द दोनदा येतो आणि त्या दोन शब्दांमध्ये एक बाई मरते. पुढे त्याच माणसाने 'बरे झाले देवा निघाले दिवाळे । बरी या दुष्काळे पीडा केली' असे म्हटले. त्या दिवाळ्याला बरे म्हणण्याचा हक्क जगात एकाच माणसाला होता, ज्याचे दिवाळे निघाले होते त्याला. देहूतल्या दुसऱ्या कोणी त्यांच्या दारात जाऊन 'बरे झाले' म्हटले असते, तर त्याला क्रूरपणा म्हणावे लागले असते.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. परंपरा सांगते की तुकोबांनी घरातली कर्जखते बाहेर काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. ज्या दुष्काळाने सावकाराचे घर बसवले, त्याने कुळांची घरे कशी ठेवली असतील याची कल्पना करणे अवघड नाही. दुःखातून आलेली नम्रता खरी असली की ती अशी दिसते: आपले दुसऱ्यावरचे ओझे ती आधी उतरवते. तुकोबा कुळांना समाधानाचा उपदेश करून वसुली चालू ठेवू शकत होते. तसे करणारे प्रत्येक काळात असतात. त्यांनी उपदेश नंतर केला आणि खते त्याआधी बुडवली. त्यांची सुटका झाली, असे मी पूर्ण श्रद्धेने म्हणतो, पण दुकान परत आले नाही, गेलेली माणसे परत आली नाहीत. सुटका याचा अर्थ हानीची भरपाई असा त्यांनी कधी लावला नाही. हा धडा आपण विसरतो, आणि सोसणाऱ्याला पुढे कधीतरी व्याजासह परतावा मिळेल असे सांगून देवाला सावकाराच्या जागी बसवतो.

दुसरी कथा वह्यांची आहे. अभंग लिहिण्याचा अधिकार नाही असे ठरवून त्यांना वह्या इंद्रायणीत बुडवायला लावले, तेव्हा तुकोबा घरी जाऊन समाधानाने बसले नाहीत. नदीकाठच्या शिळेवर ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. आपल्याकडे या बसण्याला धरणे म्हणतात, आणि धरणे हा येणेकऱ्याचा मार्ग आहे. ज्याचे कोणाकडे काही निघते तो त्याच्या दारात जाऊन बसतो. तुकोबा देवाच्या दारात येणेकरी म्हणून बसले. त्या तेरा दिवसांत धीर आहे, पण मुकाट्याने मान्य करणे नाही. वह्या कोरड्या वर आल्यावर मात्र 'थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला' असे म्हणून ते देवाची क्षमा मागतात. हा क्रम मोलाचा आहे: आधी हक्काने बसणे, मग देवाने ऐकल्यावर संकोचाने वाकणे. बसण्याआधीच वाकायला सांगणारी नम्रता या कथेत नाही.

मग कोणी कोणाला धीर देऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. धीर देण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याकडे मुक्ताबाईंचे आहे. संन्याशाची पोरे म्हणून हिणवली गेलेली, आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्तात गमावलेली ती चार भावंडे. ज्ञानदेव उद्विग्न होऊन झोपडीचे दार लावून बसले, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीने 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणून साद घातली. 'विश्व रागे झाले वन्ही । संते सुखे व्हावे पाणी' असा सल्ला तिने दिला, आणि तो तिला शोभला, कारण जी आग दारामागे पोहोचली होती तीत ती स्वतःही होरपळत होती. तिच्याकडे दुसरे गाव नव्हते आणि दुसरे आईबाप नव्हते. आणखी एक शब्द पाहावा. 'योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा' असे ती म्हणते. साही म्हणजे सहन करतो. पण जे सहन करायचे आहे त्याला तिने अपराध म्हटले आहे. त्याला तिने दैव म्हटले नाही, किंवा लोकांचा त्यात काही दोष नाही असेही म्हटले नाही. क्षमा करण्यासाठी आधी अपराधाला अपराध म्हणावे लागते. दहाव्याच्या मांडवात नेमके तेच टाळले गेले.

आता चोखोबांकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तेथे आहे. मंगळवेढ्याचा हा महार चौदाव्या शतकात विठ्ठलाच्या दारात उभा होता आणि ते दार त्याला बंद होते. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हा त्यांचा अभंग सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण 'धाव घाली विठू आता चालू नको मंद । बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध' या ओळीही त्यांच्याच आहेत. येथे नम्र माणूस देवाला घाई करायला सांगतो, मारणाऱ्यांचे नाव घेतो आणि माझा अपराध काय असे विचारतो. त्यांच्या पत्नी सोयराबाई आणखी पुढे गेल्या. देहातच विटाळ असेल आणि प्रत्येक देह त्यातूनच जन्मला असेल तर सोवळा कोण, असा प्रश्न त्यांनी विचारला. मुलगा कर्ममेळा याने तर 'आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती' असे थेट देवालाच विचारले. जन्म उष्टे खाण्यात गेला, तुझ्या चित्ताला लाज वाटत नाही का, हे त्याचे शब्द आहेत. एका घरातल्या तीन माणसांचे हे तीन स्वर आहेत, आणि वारकरी परंपरेने ते तिन्ही जपले. कर्ममेळ्याचा अभंग उद्धट म्हणून बाजूला काढला नाही, यात मला या परंपरेची मोठी समज दिसते.

तरीही चोखोबांच्या गाथेत असाही अभंग आहे, ज्यात आपला जन्म पूर्वकर्माचे फळ असल्याचे ते म्हणतात. तुकोबांच्या संचिताच्या फळाचा प्रश्नही याच जागी येतो. हा अभंग वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते, आणि ती अस्वस्थता मी गोड शब्दांनी झाकू इच्छित नाही. शतकानुशतके ज्या समजुतीने त्यांना दाराबाहेर ठेवले ती त्यांच्या मनातही उतरली होती, एवढे तरी त्यातून दिसतेच. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्यासाठी माणूस कर्माचा आधार घेतो, तेव्हा त्यातून त्याला कधीकधी बळ मिळत असेल. तोच आधार दुसऱ्याच्या दुःखाला लावला की त्याचे निकालपत्र होते: तू भोगतोस, म्हणजे तू केले असशील. ज्ञानाच्या दृष्टीने हा दावा खोटा आहे, कारण दुसऱ्याचे संचित पाहिलेला माणूस कोणी नाही. आणि भक्तीच्या दृष्टीने तो उन्मत्तपणा आहे, कारण त्यात माणूस देवाच्या आसनावर बसून न्याय देतो.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप वारकरी माणसाने टाळू नये. जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या त्यांच्या १९३६च्या भाषणावर, जे करू दिले गेले नाही, गांधीजींनी टीका केली. त्या टीकेला उत्तर देताना त्यांनी लिहिले की संतांनी माणसे देवापुढे समान आहेत असे सांगितले, माणसे माणसांपुढे समान आहेत असे सांगितले नाही, आणि पहिली गोष्ट कोणालाही मान्य करायला अडचण येत नाही. मला हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य आहे. पंढरीच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारी माणसे आपापल्या गावात परतल्यावर वेगळ्या विहिरींवर पाणी भरत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या आंबेडकरांनी हा आक्षेप घेतला, त्यांनीच १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेणारे आपले पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केले. चोखोबांचे दुःख आणि त्यांचे तेज यांपैकी कोणत्याच गोष्टीकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. पाठ फिरवली ती त्या दुःखाला पवित्र ठरवणाऱ्या व्यवस्थेकडे.

आणि धीराचेच म्हणाल, तर नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. तेही दारातले धरणेच होते. दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले. इतकी वर्षे दारात उभ्या राहिलेल्या माणसांना आणखी थोडे थांबा म्हणण्याचा अधिकार दाराच्या आतल्यांना उरला नव्हता. ज्यांचा धीर त्या दारात खर्च झाला त्यांनी दुसरी वाट धरली, तर त्यांच्यात नम्रता कमी होती असे म्हणणारा माणूस नम्रतेचा अर्थच उलटा लावतो.

जो स्वतः दाराबाहेर नाही त्याने काय करावे, याचे उत्तर मला साने गुरुजींच्या उपोषणात दिसते. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवल्यावर गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, आणि मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर १० मे रोजी ते सुटले. कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या गुरुजींना विठ्ठलाचे दार कधीच बंद नव्हते. बाहेर उभ्या असलेल्यांना धीर धरा असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी आपला देह उपाशी ठेवला. वैशाखाच्या उन्हात, आधीच क्षीण असलेल्या शरीराने, ज्यांच्याशी भांडण होते त्यांच्याविषयी वाईट शब्द न काढता ते बसून राहिले. या उपोषणाने जात गेली असे कोणी म्हणणार नाही, आणि त्या काळात आंबेडकरी चळवळीचे लक्ष मंदिराच्या पलीकडे गेलेले होते हेही खरे आहे. पण दुःखातली नम्रता आणि धीर हा ईश्वराचा मार्ग मानणाऱ्या माणसाने तो मार्ग कोणाच्या पायांनी चालायचा, हे त्या दहा दिवसांत दिसले. तो आपल्याच पायांनी चालायचा असतो.

चोखोबांच्या मृत्यूची कथा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते, मजूर म्हणून चोखोबा त्यावर होते, भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गेले. सन १३३८ची ही घटना सांगतात. नामदेव तेथे गेले तेव्हा ढिगाऱ्यात नुसती हाडे उरली होती. कोणती हाडे कोणाची हे कसे ओळखावे? परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आले ती नामदेवांनी पंढरीला आणली आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. आजही दर्शनाला जाणारा माणूस नामदेव पायरीशी वाकतो तेव्हा समोरच चोखोबा असतात.

या कथेत देव कोठे आहे, ते पाहावे. तो हाडांत आहे. भिंतीत नाही. गाडल्या गेलेल्या मजुराला देवाने आपले म्हटले, एवढे ही परंपरा सातशे वर्षांच्या जवळपास सांगत आली आहे. पण ती भिंत देवाने पाडली किंवा ती पडली हे बरेच झाले, असे तिने एकदाही सांगितलेले नाही. चोखोबांची सुटका झाली म्हणून भिंत बांधून घेणाऱ्यांची सुटका झाली, असा हिशोब नामदेवांनी मांडला नाही. आपण मात्र तो मांडतो. मेलेल्या मजुराला वैकुंठ दिले की टेकूच्या फळ्यांचा खर्च वाचवणाऱ्याला मोकळे सोडतो, आणि हे सगळे देवाच्या नावावर खपते. कामावर असताना मरण आले तर मालकाने नुकसानभरपाई द्यावी असे सांगणारा कायदा या देशात १९२३ पासून आहे. त्या कायद्याच्या दारात जाऊन बसणे हे देवावरच्या अविश्वासाचे लक्षण असल्यासारखे ज्यांना वाटते, त्यांना मी इंद्रायणीची शिळा दाखवीन.

दहाव्यानंतर काही दिवसांनी मी वहिनींच्या घरी गेलो होतो. त्यांनी फडताळातून यजमानांची खिशातली छोटी वही काढून दाखवली. ज्या दिवशी कामावर गेले त्या तारखेपुढे ते पेन्सिलीने बरोबरची खूण करत. मस्टरवर नाव लागते की नाही याचा त्यांना भरवसा नव्हता. शेवटच्या तारखेपुढे खूण नव्हती, कारण खूण ते संध्याकाळी घरी आल्यावर करत असत. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, देवाचं अन् माझं काय असल ते आम्ही दोघं बघू. रोज हरिपाठाला बसते, तिथं मी त्याला बोलते बी अन् त्याच्या पाया बी पडते. पण मातीला टेकू लावला नव्हता. ते देवाच्या नावावर कुणी लावू नये."

ती वही आता कामगार न्यायालयातल्या कागदांत आहे. दर तारखेला वहिनी पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला जातात. मागच्या वेळी साहेब रजेवर होते आणि पुढची तारीख मिळाली ती नेमकी एकादशीची. त्या दिवशी त्यांनी पिशवीत भगरीचा डबा आणि हरिपाठाची पोथी ठेवली, गळ्यातली माळ सारखी केली आणि पावणेसहाच्या गाडीसाठी फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.